मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी अरुंद झालीय: ऑपरेशन की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी)?
आधी रिपोर्टवर अडथळा किती टक्के आहे तो आकडा बघा. हात लुळा पडून पुन्हा सुधारला असेल, किंवा एका डोळ्यापुढे अंधारी येऊन गेली असेल आणि अडथळा 70 ते 99 टक्के असेल, तर ऑपरेशनचा फायदा ठळक. तोही शक्यतो 2 आठवड्यांत. गावाहून भाऊ येईपर्यंत थांबू नका, लकव्यासाठी पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे. सत्तरीपुढे स्टेंट टाकताना गुठळी मेंदूत जायची भीती वाढते, म्हणून मान उघडून केलेलं ऑपरेशन सहसा बरं. मानेला रेडिएशन झालं असेल तर मात्र स्टेंटचा विचार होतो. सर्जनना थेट विचारा, "तुमच्या अशा शंभर पेशंटमध्ये लकवा किंवा मृत्यू किती?" सहापेक्षा जास्त नको. परळच्या केईएमला जाताना सीटी अँजिओची (धमन्यांच्या स्कॅनची) सीडी, गोळ्यांची पाकिटं, रेशनकार्ड सोबत घ्या. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका.