अरबी पानावर आकडे उलटतात तेव्हा

एचटीएमएल, सीएसएस आणि कामापुरतं जावास्क्रिप्ट येतं असं धरून लिहिते आहे. अरबी, फारसी किंवा उर्दू वेबसाइटचं काम पहिल्यांदाच हातात आलं असेल तर आधी धीराची गोष्ट सांगते. लिपी वाचता येत नाही म्हणून हे काम अडत नाही. मला आजही अडखळतच वाचता येतं. अक्षरं एकमेकांना जोडणं, उजवीकडून मांडणं, ओळ तोडणं हे सगळं ब्राउझर करतो आणि चोख करतो. छळ होतो तो त्या मजकुरात मध्येच शिरलेल्या परक्या पाहुण्यांचा: ऑर्डर नंबर, फोन नंबर, तारीख, ईमेल, कंपनीचं रोमन लिपीतलं नाव, कंस.

एक पाया मात्र पक्का हवा. मेमरीत मजकूर नेहमी वाचायच्या क्रमाने साठवलेला असतो, दिसायच्या क्रमाने नाही. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. 'कि' टाइप करताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी, आणि स्क्रीनवर वेलांटी क च्या आधी उमटते. साठवण वेगळी, मांडणी वेगळी. अरबीत तेच अख्ख्या ओळीच्या पातळीवर होतं. पहिलं अक्षर पहिल्याच जागी असतं, फक्त ते उजव्या टोकाला दिसतं. मांडणीचे नियम युनिकोडने ठरवून दिलेत, त्यांना सगळे 'बायडाय अल्गोरिदम' म्हणतात (बायडाय म्हणजे बायडायरेक्शनल, दोन्ही दिशांचा).

म्हणून स्ट्रिंग उलटी करू नका. कधीही नाही. हा शॉर्टकट हमखास भेटतो तो पीडीएफ किंवा इमेज तयार करताना. लायब्ररीला अरबी कळत नसेल तर अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. मग कुणीतरी सुचवतं की स्ट्रिंग उलटी कर आणि अक्षरांच्या जागी त्यांची जोडलेली रूपं टाक. अरबी अक्षराला चारपर्यंत रूपं असतात: सुटं, आरंभीचं, मधलं, शेवटचं. अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडतच नाहीत. ही तयार रूपं युनिकोडमध्ये 'प्रेझेंटेशन फॉर्म्स' नावाच्या दोन जुन्या ब्लॉकमध्ये आहेत, पण ती जुन्या सिस्टिमशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली आहेत. ती डेटाबेसमध्ये गेली की सर्च मेला. वापरणारा कीबोर्डवरून साधं अक्षर टाइप करतो, तुमच्याकडे दुसरंच साठवलेलं असतं. असा डेटा वारशाने आलाच तर एनएफकेसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपावर आणायची युनिकोडची पद्धत) रूपं मूळ अक्षरांवर येतात, उलटवलेला क्रम मात्र त्याने सरळ होत नाही. योग्य वाट म्हणजे अक्षरं घडवणारं इंजिन असलेली लायब्ररी निवडणं. हार्फबझ हे त्यातलं सर्वांत रुळलेलं. पायथॉनच्या पिलो या इमेज लायब्ररीमध्येसुद्धा रॅक्म ही मजकूर मांडणारी लायब्ररी जोडली की अरबी नीट उमटतं.

आता ज्या सापळ्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला त्याकडे येते. इथे सावकाश वाचा.

एका दुकानाच्या साइटवर ऑर्डर नंबर हायफन घालून दाखवले जात, समजा ४५१२-७८-९३. तक्रारी येऊ लागल्या की ग्राहक फोनवर सांगतात तो नंबर सिस्टिममध्ये सापडतच नाही. डेटाबेस बघितला, नंबर बरोबर. एपीआयचं उत्तर बरोबर. ऑर्डरच्या यादीचं पान बरोबर. पानावरचा नंबर कॉपी करून सर्चमध्ये टाकला, ऑर्डर लगेच सापडली. आणि तरीही 'धन्यवाद, तुमचा ऑर्डर नंबर अमुक' या वाक्यात ग्राहकाला ९३-७८-४५१२ दिसत होतं.

कारण असं. बायडाय अल्गोरिदम प्रत्येक चिन्हाला दिशेचा एक वर्ग देतो. रोमन अक्षरं ठाम डावीकडून जाणारी, हिब्रू आणि अरबी ठाम उजवीकडून. साधे इंग्रजी आकडे दुबळ्या वर्गातले, ते आजूबाजूला बघून वागतात. हिब्रू आणि अरबी दोन्ही उजवीकडून जात असली तरी त्यांचे वर्ग वेगळे आहेत आणि खरी गोम तिथेच आहे. इंग्रजी आकड्यांच्या आधीचं सर्वांत जवळचं ठाम अक्षर अरबी असेल, तर अल्गोरिदम त्या आकड्यांना 'अरबी आकडे' या वर्गात टाकतो. दिसायला ते इंग्रजीच राहतात, वर्ग तेवढा बदलतो. पुढचा नियम सांगतो की दोन 'युरोपीय' आकड्यांमधला एकटा हायफन त्यांना चिकटतो आणि सगळं मिळून एक संख्या होते. अरबी वर्गातल्या आकड्यांना हायफन चिकटत नाही. मग तुकडे सुटे होतात आणि सुटे तुकडे उजवीकडून डावीकडे मांडले जातात. प्रत्येक तुकड्याच्या आतले आकडे सरळ, तुकड्यांचा क्रम उलटा.

यादीच्या पानावर हे का दिसलं नाही? तिथे नंबर स्वतःच्या खान्यात एकटा होता, आधी अरबी अक्षर नव्हतं. खान्याची दिशा उजवीकडून असली तरी नुसत्या दिशेने आकड्यांचा वर्ग बदलत नाही, प्रत्यक्ष अक्षर लागतं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे लेबल आणि नंबर दोन वेगवेगळ्या स्पॅनमध्ये असले आणि बाहेरचा डबा फ्लेक्स असला तर सगळं ठीक दिसतं, कारण फ्लेक्समध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र ब्लॉक होतो. उद्या कुणी डिझाइन बदलताना तो फ्लेक्स काढला की नंबर उलटतो. त्या बदलात दिशेचा कुठे उल्लेखही नसतो, त्यामुळे कोड रिव्ह्यूमध्ये कुणाच्या नजरेला तो पडत नाही.

हा ब्राउझरचा बग नाही, हे नीट समजून घ्या. वाक्यात '१०-२०' अशी व्याप्ती असेल तर उजवीकडून वाचणाऱ्याला आधी दहा आणि मग वीस दिसायला हवेत, आणि तसेच ते दिसतात. नियम माणसांच्या वाचण्याला धरून आहे. पण ऑर्डर नंबर ही व्याप्ती नव्हे, ती ओळख आहे, आणि हा फरक अल्गोरिदमला कळायचा काही मार्ग नाही. तो आपणच सांगायचा असतो.

चिन्हागणिक वागणूकही वेगळी. तिरकी रेघ, टिंब, स्वल्पविराम आणि कोलन एकेकटे असतील तर अरबी वर्गातल्या आकड्यांनाही चिकटतात. म्हणून तिरकी रेघ घातलेली तारीख सरळ राहते आणि २०२४-०३-०४ अशी हायफनची तारीख ०४-०३-२०२४ होऊन बसते. ती दिसायला इतकी खरी वाटते की महिनोन् महिने कुणी बोट ठेवत नाही. फोन नंबरचं दुखणं याहून उघड आहे. सुरुवातीचं अधिकचिन्ह उजव्या टोकाला जातं, मधे जागा सोडल्या असतील तर गट उलटतात, आणि हे एकट्या खान्यातही होतं.

करून बघणार असाल तर इंग्रजी आकडेच टाका. मी इथे देवनागरीत लिहिलेत, पण देवनागरी आकडे युनिकोडमध्ये ठाम डावीकडून जाणारे आहेत, त्यांनी हा प्रकार घडणारच नाही. हिब्रूचा नमुना मजकूर घेऊन तपासलंत तरी घडणार नाही. 'आरटीएल म्हणजे आरटीएल, हिब्रूवर चालतंय ना' (आरटीएल म्हणजे उजवीकडून डावीकडे) असं सांगणाऱ्या सिनियरचं यात ऐकू नका, कितीही अनुभवी असला तरी. खरा अरबी मजकूर घ्या.

उपाय लहान आहे. बाहेरून आलेला प्रत्येक तुकडा वेगळा काढून बंदिस्त करा. ऑर्डर नंबर, फोन, ईमेल, यूआरएल यांची दिशा तुम्हाला माहीत असते, तेव्हा त्यांच्याभोवतीच्या स्पॅनवर डिर ॲट्रिब्यूट एलटीआर (डावीकडून उजवीकडे) ठेवा. ॲट्रिब्यूट दिला की आधुनिक ब्राउझर तो तुकडा आजूबाजूच्या मजकुरापासून तोडतो आणि आधीच्या अरबी अक्षराचा त्याच्यावर परिणाम होत नाही. माणसाचं नाव, कॉमेंटचा मथळा असं काही असेल जे कुठल्याही लिपीत येऊ शकतं, तिथे बीडीआय टॅग वापरा. तो पहिलं ठाम अक्षर बघून दिशा ठरवतो. हीच सवय फॉर्मलाही लावा: ईमेलच्या खान्याला एलटीआर, मोकळ्या मजकुराच्या खान्याला ऑटो.

टॅग चालत नाहीत अशा जागाही आहेत: पानाचं टायटल, प्लेसहोल्डर, नोटिफिकेशन, साध्या ईमेलचा विषय. तिथे युनिकोडची न दिसणारी आयसोलेट चिन्हं लागतात, कोड २०६६ ते २०६९, युनिकोड ६.३ मध्ये २०१३ साली आलेली. पहिली तीन तुकडा उघडतात, शेवटचं बंद करतं. ती दाखवण्याच्या क्षणी घाला, डेटाबेसमध्ये साठवू नका, नाहीतर दिसायला सारख्याच दोन स्ट्रिंग जुळत नाहीत आणि कारण शोधताना जीव मेटाकुटीला येतो. कोडमध्येही ती थेट न चिकटवता एस्केप करून लिहा. अशाच चिन्हांनी कोड एक दिसावा आणि चालावा वेगळाच, असा हल्ला २०२१ मध्ये 'ट्रोजन सोर्स' या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हापासून बरेच एडिटर त्यांच्यावर इशारा देतात. शंका आली की डोळ्यांवर विसंबू नका. टर्मिनल, एडिटर आणि ब्राउझर एकच ओळ तीन तऱ्हांनी दाखवू शकतात. कोड पॉइंट छापून बघा.

लेआउटचं त्या मानाने सोपं. डिर आणि लँग दोन्ही एचटीएमएल टॅगवरच द्या, दिशा सीएसएसमध्ये लपवू नका, कारण दिशा हा मजकुराचा भाग आहे आणि स्टाइलशीट लोड झाली नाही तरी ती टिकायला हवी. मार्जिन-लेफ्टऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट लिहा; डावं-उजवं न म्हणता सुरुवात-शेवट म्हणणाऱ्या अशा प्रॉपर्टींना लॉजिकल प्रॉपर्टी म्हणतात. फ्लेक्स आणि ग्रिड आपोआप फिरतात. ट्रान्सफॉर्म आणि फ्लोट फिरत नाहीत. मागे जाण्याचा बाण उलटवा, व्हिडिओचं प्ले बटण आणि घड्याळ नको. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर जोडलेली अक्षरं तुटतात. जुन्या प्रोजेक्टला आरटीएलसीएसएससारखं, सीएसएसमधलं डावं-उजवं आपोआप उलटवणारं टूल लावून वेळ मारून न्यायला माझी हरकत नाही. नवीन प्रोजेक्टमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून लॉजिकल प्रॉपर्टीच. नंतर बदलू म्हणणाऱ्यांनी ते बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही.

भाषांतराच्या फाइलमध्ये एकवचन-अनेकवचन एवढंच ठेवलं असेल तर अरबीत ते पुरत नाही. सीएलडीआर या युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसाठ्याप्रमाणे अरबीला सहा प्रकार लागतात, शून्य आणि दोन यांचेही वेगळे. जावास्क्रिप्टमधलं इंटल प्लुरलरूल्स वापरा, स्वतः इफ-एल्स लिहीत बसू नका. उर्दू किंवा फारसीही असेल तर सर्चकडे लक्ष द्या: त्यांचे काफ आणि ये हे अरबीतल्या काफ आणि या यांच्यासारखे दिसतात, पण कोड वेगळे. सर्चच्या इंडेक्समध्ये दोन्ही एकाच रूपावर आणा, मूळ मजकूर तसाच राहू द्या.

हे सगळं पहिल्या आठवड्यात डोक्यात बसणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. मलाही वर्गांचा तक्ता अजून पुन्हा उघडावा लागतो. पण एक काम पहिल्याच आठवड्यात करा: अरबी वाचणारी एक व्यक्ती शोधा. तिला 'पान बरं दिसतंय का' असं विचारलंत तर ती सौजन्याने हो म्हणेल. तिला पानावरचा ऑर्डर नंबर, फोन नंबर आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही डेटाबेस उघडून समोर बसा, आणि ऐकलेला प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून बघा.