वारशाने आलेलं रिव्हॉल्वर साफ करताय? आधी या चुका टाळा

आजोबांच्या कपाटातून रिव्हॉल्वर निघालं की घरच्यांच्या हाताला खाज सुटते ती त्याला चकाकी आणायची. तीस-चाळीस वर्षं पडून राहिल्याने त्याचं जेवढं बिघडत नाही, तेवढं एका उत्साही रविवारी बिघडतं. परवाना आणि नावावर करून घेण्याचं काम आधी उरका, त्यावर मी इथे बोलत नाही.

"रिकामंच असणार" हे गृहीत धरू नका. बोट चापापासून लांब, नळी सुरक्षित दिशेला, मग चक्र उघडा आणि काडतुसाचं प्रत्येक घर उजेडात बघा. जुनी काडतुसं हिरवा गंज चढून आत चिकटलेली असतात. बोटाच्या दाबाने निघाली तर ठीक, नाही तर ठोकू नका. चक्रच उघडत नसेल तर ते भरलेलं आहे असं समजा आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराशी बोला. साफसफाई तिथेच थांबली.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: व्हिनेगर. एक तरुण पणजोबांचं रिव्हॉल्वर घेऊन आला होता. कुठला तरी व्हिडिओ बघून त्याने ते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलं होतं. तांबडा गंज गेला, पण त्याबरोबर निळसर काळं ब्लूइंगही गेलं. ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे, लोखंडावर मुद्दाम चढवलेला काळा ऑक्साइड. गंजही ऑक्साइडच, आणि आम्लाला या दोघांतला भेद कळत नाही. सकाळी उघड्या पडलेल्या पोलादावर नारिंगी गंजाचा नवा थर आला. घाबरून त्याने पॉलिश पेपर काढला, मग ड्रिलला लावायचं बफ. माझ्यासमोर आलं तेव्हा कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, कंपनीचा शिक्का गायब आणि नंबर इतका पुसट की तिरक्या उजेडात जेमतेम वाचता येत होता. कागदांवरचा नंबर शस्त्रावर दिसत नसेल तर त्याचा जाब मालकालाच द्यावा लागतो. संग्राहकाच्या लेखी त्या वस्तूची किंमत त्या एका रात्रीत संपली.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. गन ऑइल लावायचं, दोन दिवस विसरायचं, मग तेलातच भिजवलेलं सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल हलक्या हाताने फिरवायचं. पुसायचं, पुन्हा तेल. सपाट जागी जुनं तांब्याचं नाणं गंजाच्या पापुद्र्यावर घासलं तरी चालतं, कारण तांबं पोलादापेक्षा मऊ असतं. खड्डे पडलेत ते राहणारच. ज्यांना संध्याकाळपर्यंत नव्यासारखं हवंय त्यांनी नवंच घ्यावं.

दुसरी चूक स्क्रूंची. घरातला स्क्रूड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो आणि रिव्हॉल्वरच्या स्क्रूची खाच सरळ भिंतींची. पातं फक्त वरच्या कडांवर टेकतं, जोर लावला की निसटतं आणि खाच फाडून फ्रेमवर ओरखडा काढतं. पातं खाचेत तळापर्यंत घट्ट बसेल असं घासून घ्या. आज गंज सोडवणारं तेल, परवा प्रयत्न, नाही हललं तर पुन्हा तेल. कुठला स्क्रू कुठला ते लिहून ठेवा, दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असू शकते. साइड प्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, तर कधीच टोकरून उचकटू नका, वाकलेली कड पुन्हा बसत नाही. स्क्रू काढा, प्लेट वरच्या बाजूला ठेवून मुठीच्या लोखंडी सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, ती आपोआप वर येते. आतले भाग बाहेर काढायची हौस मात्र नवख्याने करू नये. रॉकेलने धुऊन, वाळवून, थेंबभर तेल दिलं की बहुतेकांचं भागतं.

मुठीचं लाकूड, हस्तिदंत किंवा शिंपला तेलात बुडवू नका, आधी काढून ठेवा. त्याखालचा गंज बघायलाच हवा.

निकेलच्या मुलाम्यावर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट नको. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर ते त्याला खातं आणि निकेल पोपडे धरतं.

जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार राहतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. तशी काडतुसं वापरली गेली असतील तर नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल.

मनगटाच्या झटक्याने चक्र बंद करणाऱ्यांना मी रिव्हॉल्वर हातात देत नाही. चक्र धरणारा दांडा वाकतो.

साफ झालं म्हणजे चालवण्याजोगं झालं असं नाही. घोडा मागे घेतल्यावर प्रत्येक घर नळीसमोर नेमकं येतं का, चक्र किती हलतं, हे कारागिरालाच तपासू द्या. जुन्या .४५५ वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरांची चक्रं मागून कापून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसेल अशी केलेली पुष्कळ आहेत. काडतूस बसतं, पण त्याचा दाब त्या चक्राला झेपणारा नसतो. आजोबांची उरलेली काडतुसं तर वापरूच नका, आणि कचऱ्यातही टाकू नका, पोलिसांना विचारून द्या.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात उरलेली आम्लं व क्षार पोलादाला खड्डे पाडतात. तेलाचा पातळ हात, कोरडं सुती कापड, सिलिका जेलची पुडी आणि कुलूप. पहिल्या महिन्यात दोनदा उघडून बघा, कारण कोपऱ्यात राहिलेला गंज पुन्हा डोकं काढतो तो तेव्हाच.