ब्लड कॅन्सरची रोजची गोळी चालू असताना खाणं, उपवास आणि बाकीची औषधं कशी सांभाळायची

आमच्या अण्णांना सीएमएल आहे, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार, आणि त्यांची रोजची गोळी नीट पोटात जाते का नाही हे बघायचं काम घरात माझ्याकडे. सोलापुरातून बरेच जण या आजारासाठी बार्शीला नाहीतर मुंबईला टाटाला फेऱ्या मारतात, आणि बाहेर बाकड्यावर बसलं की एकमेकांना सांगतात, आम्ही अशी घेतो तुम्ही पण अशीच घ्या. तिथंच घोळ होतो, कारण त्यांची गोळी वेगळी असते. म्हणून पहिलं काम, पाकिटावर कंपनीनं मोठ्या अक्षरात दिलेलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब, यातलं कुठलं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतंय.

इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ आलीच. आम्ही दुपारची भाकरी निम्मी झाली की द्यायचो, त्यानं लई फरक पडला. गिळायला त्रास होत असेल तर 400 मिलिग्रॅमची गोळी साधारण 200 मिली साध्या पाण्यात टाकून हलवायची, विरघळली की लगेच प्यायची, ठेवून द्यायची नाही.

निलोटिनिबच्या कॅप्सूलचं बरोबर उलटं. आधी 2 तास काही खायचं नाही आणि नंतर 1 तास काही खायचं नाही, दोन डोसमध्ये 12 तासांचं अंतर. तेलकट भरपूर जेवण करून अर्ध्या तासानं घेतली तर रक्तात औषध 82 टक्क्यांपर्यंत जास्त जातं, आणि जास्त गेलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडायची भीती असते, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. सकाळी 6 आणि संध्याकाळी 6 ही वेळ सोयीची पडते: उठल्या उठल्या गोळी, चहा 7 नंतर, आणि संध्याकाळी 4 नंतर तोंड बंद, जेवण 7 नंतर. दुधाचा चहा, दोन बिस्किटं, मूठभर शेंगा हे सगळं खाणंच धरायचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना डबा कधी उघडायचा तेही यावरूनच ठरवा.

आता डॅसॅटिनिब. ही जेवून घ्या नाहीतर न जेवता, चालतंय, पण हिला पोटात ॲसिड लागतं. अण्णांची गोळी इमॅटिनिबवरून डॅसॅटिनिबवर बदलली तेव्हा आम्ही पित्ताची गोळी, पॅन फॉर्टी, रोज सकाळची तशीच चालू ठेवली, वर्षानुवर्षाची सवय ती, ते औषध वाटतच नव्हतं म्हणून कुणाला सांगितलंच नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या तेव्हा कळलं. याच जातीच्या ओमेप्राझोलनं डॅसॅटिनिब 43 टक्के कमी शोषली जाते. म्हणजे एवढी महागाची गोळी आणि जवळपास निम्मी वाया, मला त्या दिवशी रडू आलं. जळजळ होतच असेल तर डायजीनसारखं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळीच्या 2 तास आधी किंवा 2 तास नंतर. आणि पित्ताचीच दुसरी गोळी पॅन डी, तिच्यातला डी म्हणजे डोमपेरिडोन, त्यानं पण हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून निलोटिनिबवाल्यांनी ती विचारल्याशिवाय अजिबात नको.

उपवासाचं खास सांगते कारण पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं, आषाढीला घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. इमॅटिनिब असेल तर निर्जळी करू नका, साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन गोळी घ्या. निलोटिनिब असेल तर खिचडी पण जेवणच, तेच 2 तास 1 तास. गोळी मात्र कुठल्याही उपवासाला चुकवायची नाही.

फळांत सगळ्यात जास्त गैरसमज ग्रेपफ्रूटचा. ग्रेप ऐकून लोकांनी द्राक्षं बंद केली, नान्नजची द्राक्षं घरात आणेनात! ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या जातीचं मोठं आंबट फळ. ते आतड्यातलं सीवायपी थ्री ए फोर नावाचं एन्झाइम बंद पाडतं, यातल्या बहुतेक गोळ्या त्याच एन्झाइमवर मोडतात, त्यामुळे औषध रक्तात वाढतं आणि परिणाम एका दिवसापेक्षा जास्त राहतो. म्हणून ग्रेपफ्रूट बंद आणि पपनस पण नको. द्राक्षं, मोसंबी, केळी खुशाल खा. डाळिंबाचं काय, ते तर आपल्या सोलापूरचं, 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं. लॅबमध्ये त्याच्या रसानं हेच एन्झाइम दबलेलं दिसलंय, पण माणसांवर तपासलं तेव्हा तसा मोठा परिणाम आला नाही. आम्ही वाटीभर दाणे देतो, रोज ग्लास भरभरून रस देत नाही, आणि हे डॉक्टरांना विचारून ठरवलंय.

बाकीच्या औषधांत सगळ्यात मोठा धोका टीबीच्या रिफाम्पिसिनचा, त्यानं इमॅटिनिब रक्तात 74 टक्के कमी होते. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिननं पण कमी होते. उलट खोकल्याला देतात ती क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीची इट्राकोनाझोल यांनी वाढते. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन इमॅटिनिबसोबत स्वतःच अंगात वाढते, त्यात स्नायू दुखायला लागतात. रक्त पातळ करायची वॉरफरिन, ॲस्पिरिन चालू असेल तर आधीच सांगा. यातली कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

काढे आणि चूर्णं देणारी माणसं मायेनंच देतात, त्यांना तोडून बोलू नका, पण देऊ पण नका. भाजीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय, आणि आपल्या गोळ्यांचा सगळा भार आधीच लिव्हरवर असतोय.

आम्ही आता एकच कागद ठेवलाय, त्यात पित्ताची गोळी, चूर्ण धरून सगळं लिहिलेलं, फक्त बाम सोडून, त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये. साध्या सर्दीला गल्लीतल्या दवाखान्यात गेलं तरी आधी तो दाखवायचा, औषध त्यानंतर. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर लगेच दुसरी देऊ नका, पुढची तिच्या वेळेला द्या आणि डॉक्टरांना कळवा.