सोनोमाचे द्राक्षमळे, पॅसिफिकचा किनारा आणि जुने मित्र: निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी मित्रांना फोन करावा, आणि त्यांना मोकळे असलेले दिवस लिहून घेतल्याशिवाय एकाही वाइनरीची वेळ ठरवू नये. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात अनेक वाइनरींमध्ये चाखणीसाठी आगाऊ वेळ घ्यावी लागते, त्यामुळे दिवसाचे तास तिथे आधीच वाटून टाकण्याचा मोह होतो आणि ज्यांच्यासाठी प्रवास केला त्यांच्या वाट्याला उरलीसुरली संध्याकाळ येते. मागच्या खेपेस आमच्याकडून हीच चूक झाली. तीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीशी आमचे बोलणे झाले ते गाडीत, नकाशा पाहता पाहता, आणि ते मला अजूनही लागून राहिले आहे.

त्याच फोनवर आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. घरात कोण आजारी आहे का, कोणी दारू सोडली आहे का, कोणाला औषधांमुळे ती वर्ज्य आहे का, आपण त्यांच्या घरी उतरणे त्यांना सोयीचे आहे की जवळच्या हॉटेलात राहणे बरे, हे संकोच न करता विचारावे, कारण मधल्या वर्षांत माणसांची आयुष्ये आपल्या आठवणीपेक्षा बरीच पुढे गेलेली असतात. न पिणारा मित्र बरोबर असेल तर आर्मस्ट्राँग रेडवूड्स या राखीव जंगलातील उंच वृक्षांखालची सकाळ अवश्य ठेवावी. जुनी छायाचित्रे मोबाइलमध्ये असली तरी चार-पाच कागदावर छापून न्यावीत. हातोहात फिरणाऱ्या फोटोभोवती माणसे जशी जवळ सरकून बसतात तशी पडद्याभोवती बसत नाहीत. भेट म्हणून खाद्यपदार्थ नेणार असाल तर अमेरिकेत उतरताना ते सर्व सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करावे लागतात, आणि ताजी फळे किंवा मांसाचे पदार्थ तर नेऊच नयेत.

दिवसाला दोनच वाइनरी ठरवाव्यात, पहिली जेवणापूर्वी आणि दुसरी जेवणानंतर बऱ्याच वेळाने. रशियन नदीच्या खोऱ्यात समुद्रावरून येणारे धुके रात्री आणि सकाळी द्राक्षांना थंड ठेवते, म्हणून तिथली पिनो न्वार ही लाल आणि शार्दोने ही पांढरी वाइन नावाजलेली आहे. त्याच्या उत्तरेकडील अधिक उबदार ड्राय क्रीक खोऱ्यात झिनफँडेल ही लाल वाइन उत्तम होते. एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरे खोरे घेतले, तर हा फरक जिभेला स्वतःच कळतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा द्राक्षे तोडण्याचा काळ असतो. मळे पाहण्यासारखे असतात, पण गर्दीही असते आणि वेळ फार आधी घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत वणव्यांचा धोका असल्याने त्या काळात जाणाऱ्यांनी स्थानिक इशारे रोज पाहावेत.

गाडी कोण चालवणार हे रोज सकाळी ठरवावे आणि त्याने त्या दिवशी घोटही घेऊ नये. इतरांनी चव घेऊन वाइन भांड्यात थुंकणे तिथे मुळीच असभ्य मानले जात नाही. उघडलेली बाटली प्रवाशांजवळ ठेवणे कायद्याने मना आहे. ती डिकीतच ठेवावी. गाडी भाड्याची असेल तर गोल्डन गेट पुलाचा टोल कसा भरायचा ते आधीच विचारावे, कारण सॅन फ्रान्सिस्कोकडे परतताना तो लागतो आणि तिथे रोख रक्कम घेत नाहीत.

सोनोमातील सांता रोझा शहराहून बोडेगा बे हे किनाऱ्यावरचे गाव साधारण ३५ किलोमीटरवर आहे, पण कपडे मात्र दोन ऋतूंचे लागतात. आत ऊन तापलेले असताना किनाऱ्यावर वारा आणि धुके यांनी माणूस कुडकुडतो, म्हणून प्रत्येकाचे जाड जाकीट गाडीतच असावे. पाणी वर्षभर थंड असते आणि अचानक येणारी मोठी लाट माणसाला ओढून नेते. मुले असोत वा आपण, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. जानेवारी ते मे या काळात बोडेगा हेड या समुद्रात घुसलेल्या भूशिरावरून करडे देवमासे दिसू शकतात, तेव्हा दुर्बीण घ्यावी. जेनरला, जिथे रशियन नदी समुद्राला मिळते, सील वाळूवर पहुडलेले असतात. त्यांच्यापासून किमान ४५ मीटर दूर राहावे. जेनरच्या उत्तरेस फोर्ट रॉसपर्यंत, म्हणजे १८१२ मध्ये रशियनांनी वसवलेल्या ठाण्यापर्यंत, जायचे असेल तर रस्ता कड्यांवरून वळणे घेत जातो. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा उतरवून ठेवावा, इंधन आधीच भरावे आणि ज्यांना गाडी लागते त्यांची गोळी विसरू नये.

परतीच्या सामानात बाटल्या भरताना भारतात उतरणाऱ्यांना २ लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, हे लक्षात ठेवावे. त्याहून जास्त आवडल्या तर तिसरी मित्राच्या घरी ठेवून यावी, आणि ती कधी उघडायची त्याची तारीख निघण्याआधीच त्याच्याशी ठरवून घ्यावी.