हेपजी२ या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये जनुकाचं नॉकडाउन, म्हणजे जनुक बंद पाडणं: प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांसाठी

संभाजीनगरच्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. पेशी कमी वाढल्या, एवढ्यावरून जनुक बंद झालं असं म्हणू नका. जनुक बंद पाडणारा छोटा आरएनए, म्हणजे एसआयआरएनए, पेशीत नेणारं लिपिड (स्निग्ध पदार्थ)सुद्धा पेशी मारतं. काय कशामुळे झालं हे वेगळं काढणं, हेच खरं काम आहे.

एसआयआरएनए, म्हणजे २१ अक्षरांचा दुहेरी आरएनए, पेशीत गेला की त्यातला एक धागा रिस्क नावाच्या प्रथिनसमूहात बसतो आणि त्याच्याशी जुळणारा संदेश-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप, त्या समूहातलं आर्गोनॉट-२ हे प्रथिन कापून टाकतं. डीएनएला धक्का लागत नाही. फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये हे कृमींमध्ये दाखवलं, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवा. हेपजी२ ही मुळात हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांमध्ये होणाऱ्या यकृताच्या गाठीची पेशीरेषा (लॅबमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वाण) आहे आणि तिचं पी५३, म्हणजे पेशींची वाढ आवरणारं जनुक, शाबूत आहे. म्हणून सोबत हुह-७ ही यकृताच्या कर्करोगाची दुसरी पेशीरेषा घ्याच. तिच्यात पी५३ बिघडलेलं असतं. दोन्हींत वाढ मंदावली तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

सोमवारी पेशी पसरा, मंगळवारी ट्रान्सफेक्शन करा, म्हणजे लिपिडच्या मदतीनं एसआयआरएनए पेशीत घाला. मग ४८ तास गुरुवारी भरतात, ७२ तास शुक्रवारी. देखभालीसाठी वीज कोणत्या वारी बंद राहते ते आधी विचारून ठेवा. मे महिन्यात बॅकअप नसताना इन्क्युबेटरचं दार उघडलंत, तर आठवडा पाण्यात.

हेपजी२ गठ्ठे करून वाढतात. पेशी तळावरून सोडवणाऱ्या ट्रिप्सिननंतर त्यांना पिपेटनं नीट सुटं करा, घाई नको. गठ्ठे राहिले तर पुढची प्रत्येक मोजणी खोटी. ट्रान्सफेक्शनच्या वेळी तळ साधारण निम्मा भरलेला हवा आणि माध्यमात अँटिबायोटिक नको. एसआयआरएनएची ५ नॅनोमोल पावडर २५० मायक्रोलिटर आरएनेझमुक्त (आरएनए तोडणारं विकर नसलेल्या) पाण्यात विरघळवा; २० मायक्रोमोलर साठा तयार होतो. सहा खणांच्या प्लेटमध्ये २ मिलिलिटरला त्यातले २ मायक्रोलिटर घातले की २० नॅनोमोलर होतं. याहून वर जाण्याचा मोह आवरा. मात्रा वाढली की नको त्या जनुकांवरही परिणाम होतो.

खण असे ठेवा: हात न लावलेला, फक्त लिपिडचा, कशाशीही न जुळणाऱ्या एसआयआरएनएचा, आणि तुमच्या जनुकाचे दोन, वेगवेगळ्या जागी जुळणाऱ्या दोन एसआयआरएनएंचे. सहावा खण पेशी-विभाजनाला लागणाऱ्या पीएलके१ या जनुकाच्या एसआयआरएनएचा. ते बंद झालं की पेशी विभाजनाच्या मध्येच अडकून गोल होतात, सूक्ष्मदर्शकात सरळ दिसतं. तो खण शांत बसला तर ट्रान्सफेक्शनच लागलं नाही. पुढे मोजत बसू नका.

गुरुवारी क्यूपीसीआरनं संदेश मोजा, शुक्रवारी वेस्टर्न ब्लॉटनं प्रथिन. संदेश घटूनही जुनं, टिकाऊ प्रथिन मागे उरतं, त्यामुळे ब्लॉट टाळू नका. वाढीसाठी केवळ एमटीटी या रंगचाचणीवर विसंबू नका. ती पेशींची चयापचय-क्रिया मोजते, संख्या नाही. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रायपॅन ब्लू घालून रोज हातानं मोजा. कंटाळवाणं आहे, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच आकड्यांवर आहे.

कर्करोग रुग्णालयात आलेले बीड-परभणीकडचे नातेवाईक विचारतात, "ताई, याचं औषध कधी येणार?" त्यांना खोटी आशा दाखवू नका. यकृतावर चालणारी एसआयआरएनए औषधं आहेत, पॅटिसिरान २०१८ पासून, गिवोसिरान २०१९ पासून, पण ती आनुवंशिक आजारांसाठी. गिवोसिरान साखरेच्या रेणूंना बांधलेलं असतं आणि निरोगी यकृतपेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ती साखर ओळखून पकडणारं प्रथिन, ते आत ओढून घेतो. गाठ बिघडत गेली की तोच ग्राहक तिच्यावरून कमी होतो. अडचण तिथे आहे.

निकाल चांगला आला तर एक शेवटची परीक्षा. तुमच्या एसआयआरएनएला ओळखू येणार नाही अशी, पण प्रथिन तेच बनवणारी जनुकाची प्रत पेशीत घाला. वाढ परत आली, तरच प्रबंधात त्या जनुकाचं नाव लिहा.