सॉफ्टबॉलचा फटका लांब कसा जावा: जोर दंडात नव्हे, कमरेत

कोकणातलं मूल सॉफ्टबॉलची बॅट हातात घेतं तेव्हा त्याच्या अंगात क्रिकेट आधीच मुरलेलं असतं. खळ्यात, शाळेच्या कातळी मैदानावर, ओहोटीच्या वेळी पुळणीवर टेनिस बॉलने खेळून हात पटकन फिरायची सवय लागलेली असते. टेनिस बॉल हलका असतो, नुसत्या हातानेही उडतो. सॉफ्टबॉलचा चेंडू मात्र १२ इंच घेराचा आणि साधारण १८० ते २०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याला हाताच्या बळावर मारलं की तो शॉर्टस्टॉपपर्यंत (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकापर्यंत) लोळत जातो. मग घरचे म्हणतात, पोरीच्या दंडात ताकद नाही, आणि आणखी जड बॅट आणतात. तिथूनच बिघडायला सुरुवात होते.

(पुढे सगळीकडे मुलगी आणि उजव्या हाताची बॅटर धरली आहे. मुलांना हेच लागू. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात. वय साधारण १० ते १५.)

बॅट हलकी घ्या

चेंडू किती लांब जाणार हे बॅटच्या वजनापेक्षा तिच्या वेगावर जास्त ठरतं. वजन दुप्पट केलं तर बॅटमधली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. म्हणून जी बॅट ती जोरात फिरवू शकते, तीच तिची बॅट.

बॅट पायाशेजारी उभी धरा. मूठ तिच्या लोंबत्या हाताच्या मनगटाशी किंवा तळव्याशी आली तर लांबी बरोबर. मग डाव्या हाताने मुठीशी धरून बॅट खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ धरायला सांगा. २० सेकंदांच्या आत टोक थरथरून खाली गेलं तर बॅट जड आहे. ११-१२ वर्षांच्या मुलीला बहुधा २९ ते ३१ इंच लांब आणि ५०० ते ५७० ग्रॅमच्या आसपासची बॅट पुरते. थोरल्या भावाची जुनी बॅट फुकट मिळते हे खरं, पण ती तिचा स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची ढब, दोन वर्षं मागे नेते.

पकड आणि उभं राहणं

बॅट तळहातात खोल रुतवायची नाही, बोटांच्या मुळाशी धरायची. डावा हात खाली मुठीजवळ, उजवा वर. दार ठोठावताना बोटांचे जे सांधे लागतात, ते दोन्ही हातांचे साधारण एका ओळीत आले पाहिजेत. पकड सैल ठेवा. आवळलेल्या मुठीने मनगट अडतं, आणि अडलेल्या मनगटाला वेग येत नाही.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, भार चवड्यांवर. प्लेटपासून (बॅटरसमोर जमिनीवर बसवलेली पाटी, जिच्यावरून चेंडू जातो) इतक्या अंतरावर उभं करा की कंबरेतून वाकून बॅट टेकवली तर टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचेल. प्लेट १७ इंच रुंद असते, तेवढी सगळी तिच्या आवाक्यात हवी.

पाग टाकणारा बघा

खाडीच्या काठाला उभं राहून पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्याकडे नीट पाहिलंय? तो आधी अंग मागे वळवतो, भार मागच्या पायावर घेतो. मग पाय रोवतो, कंबर पुढे फिरते, आणि जाळं धरलेले हात सगळ्यात शेवटी येतात. हात आधी सोडले तर जाळं गोल उघडतच नाही, गोळा होऊन पडतं. सॉफ्टबॉलच्या स्विंगचा क्रम अगदी हाच आहे, आणि कोकणातल्या मुलीला तो याहून चांगला कुणी दाखवू शकत नाही.

पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात फिरायला लागला की तिने भार मागच्या, म्हणजे उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर घ्यायचा. हात मागच्या खांद्याशी. मग डावा पाय १०-१५ सेंटीमीटर पुढे, हलका, आवाज न करता. या क्षणी हात मागेच राहिले पाहिजेत. पाय पुढे, हात मागे: हा जो ताण पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंत तयार होतो, त्यातूनच फटक्याचा जोर येतो. पाय आणि हात एकदमच पुढे गेले तर ताणायला काही उरत नाही.

पाय टेकला की मागचा गुडघा आणि खुबा पिचरकडे वळतात, मागची टाच उचलली जाते, बेंबी पिचरकडे बघायला लागते. त्यानंतर खांदे, त्यानंतर हात. हे सगळं झटक्यात होतं. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचिंगचं अंतर ४३ फूट असतं आणि चेंडू प्लेटवर यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. लांबलचक गिरकीला त्यात जागा नाही.

इथे एक चूक फार मुलींना शिकवली जाते: मागचा चवडा जमिनीवर किडा चिरडल्यासारखा घासून फिरवायचा. पाय फिरतो, पण भार मागेच राहतो आणि चेंडूला अंगाचं वजन मिळत नाही. चवडा फिरतो तो कंबर फिरली म्हणून. चेंडू लागताना मागच्या पायाचा फक्त अंगठा टेकलेला असेल तर भार पुढे गेला असं समजा. पुढचा पाय त्याच क्षणी ताठ व्हायला हवा. तो मऊ राहिला तर अंग पुढे सरकत जातं, फिरत नाही.

चेंडू कुठे भेटवायचा

अंगाजवळ आलेला चेंडू पुढच्या पायाच्या पुढे मारायचा, मधला साधारण पुढच्या पायाच्या रेषेत, बाहेरचा आणखी मागे, प्लेटच्या मध्याजवळ. लागतानाचे हात थांबवून पाहा: उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. मनगटं इथे पलटवायची नाहीत, चेंडू निघून गेल्यावर ती आपोआप पलटतात. आधी पलटली की चेंडू जमिनीत जातो.

चेंडू बॅटच्या टोकापासून १२ ते १८ सेंटीमीटर आतल्या पट्ट्यात लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सुटतो. त्या पट्ट्यावर खडू लावून मारायला सांगा. चेंडूवर पांढरा डाग कुठे उमटतो ते तिला स्वतःला दिसू दे.

सराव कुठे, कशाने

जेट्टीवर टाकून दिलेलं नायलॉनचं जुनं जाळं मागून आणा. आस (जाळ्याचं भोक) चेंडूच्या व्यासापेक्षा, म्हणजे साडेनऊ सेंटीमीटरपेक्षा, बारीक असली की झालं. दुहेरी करून दोन खांबांना सैल टांगा, खालची कड मोकळी ठेवा. ताणून बांधलेलं जाळं चेंडू तोंडावर परत फेकतं. माडाचे बुंधे हाताशी असतात म्हणून तिथेच बांधायचा मोह होतो, पण नारळ लागलेल्या माडाखाली मुलीला उभं करू नका. चिऱ्याच्या गडग्यावरही चेंडू मारायचा नाही. जांभ्याने चेंडूचं कातडं दोन दिवसांत फाटतं, आणि चेंडू कुठल्या दिशेने उसळेल याचा नेम नसतो.

टी, म्हणजे चेंडू ठेवून मारायचा उभा खांब, घरीच होते. डबा सिमेंटने भरून त्यात पीव्हीसी पाइप उभा करा, मांडी ते कंबर या उंचीत. वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा अर्धा बाहेर राहील असा चढवा आणि बाहेरच्या अर्ध्याला चार उभ्या चिरा द्या. त्या पाकळ्यांवर चेंडू बसतो, आणि बॅट चुकून खाली लागली तरी पाइप फुटत नाही. टी पुढच्या पायाच्या रेषेत, जाळ्यापासून दोन मीटरवर.

आठवड्यात तीन दिवस, दर वेळी ५० ते ६० फटके पुरेत. ८-१० चा एक गट, मग मिनिटभर थांबा. प्रत्येक फटका पूर्ण जोराचा हवा. दोनशे फटके मारून घेतले तर शेवटचे शंभर ती थकलेल्या अंगाने मारते आणि तोच संथ स्विंग पक्का होतो.

पहिले दोन आठवडे निम्मे फटके थांबून घ्या: पाय टेकल्यावर एक सेकंद थबकायचं, तुम्ही हात मागच्या खांद्याशी आहेत का बघायचं, मग मारायचं. नंतर थांबा काढून टाका. पुढून चेंडू टाकून देणार असाल तर चार-पाच मीटरवर, जाळ्याच्या आडोशाला बसून टाका. तिच्या डोक्यावर हेल्मेट हवंच.

वेगासाठी एक साधी गोष्ट. बांबूची हलकी, ८० सेंटीमीटरची काठी जोरात फिरवायला द्या आणि डोळे मिटून ऐका. ‘सुर्र’ असा आवाज कुठे मोठा होतो? तो तिच्या अंगापुढे, चेंडू भेटतो तिथे व्हायला हवा. मागच्या खांद्यापाशीच झाला तर ती वेग आधीच संपवते आहे. दहा वेळा काठी, मग पाच वेळा बॅट. बॅटला वजन अडकवून फिरवायची पद्धत टाळा. त्यानंतर बॅट हलकी वाटते, वेग मात्र वाढत नाही.

पावसाळ्यात पडवीत मोज्यांचे गोळे करून मारा. खरा चेंडू भिजवू नका, पाणी पिऊन जड होतो आणि मनगटं दुखावतात.

अंग तयार करणं

या वयात जड वजनं नकोत. उठाबशा, उंच आणि लांब उड्या, १५-२० मीटरच्या जोरदार धावा, आणि एक-दोन किलो रेती भरलेली शिवलेली पिशवी कमरेशी धरून बाजूने जाळ्यात फेकणं, दोन्ही बाजूंना आठ-आठ वेळा. फेकतानाही कंबर आधी, हात नंतर. धावायला ओहोटीची ओली, घट्ट रेती छान. कोरड्या भुसभुशीत रेतीत मात्र बॅटिंग नको, पाय रुततो आणि कंबर फिरत नाही. कातळावर सराव करण्याआधी पायाखालचे खडे झाडून काढा, पुढचा पाय त्यांवरच घसरतो.

एप्रिल-मेचा सराव सकाळी नऊच्या आत आटपा. दमट हवेत घाम सुकत नाही, तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या, नंतर मीठ घातलेलं कोकम सरबत.

काय बिघडलं ते कसं ओळखावं

चेंडू सतत लोळत जातो: मनगटं लवकर पलटतात किंवा बॅट वरून खाली येते. सतत उंच उडून जवळच पडतो: मागचा खांदा खाली पडतो. बॅटच्या टोकाला लागतो: हात अंगापासून लांब जाऊन मोठी गिरकी घेतात. तिला जाळ्यासमोर एका बॅटच्या अंतरावर उभं करून चेंडूशिवाय फिरवायला सांगा. हात आत राहिले तर बॅट जाळ्याला न अडकता फिरते. चेंडू चुकतोच: डोकं फटका बघायला आधीच वर उठतं. एका दिवशी यातली एकच गोष्ट दुरुस्त करा. मनगट, पाठ किंवा बरगडीखाली दुखायला लागलं तर त्या दिवशी बॅट खाली ठेवा, दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

दर तीन आठवड्यांनी मोकळ्या मैदानावर टीवरून दहा चेंडू मारून घ्या. चेंडू पहिल्यांदा टेकतो तिथे चुन्याची खूण करा आणि वहीत लिहा. सर्वांत लांबचा नव्हे, पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा आकडा धरा, कारण एखादा फटका वाऱ्यानेही जातो, आणि संध्याकाळी समुद्रावरचा वारा कोणत्या बाजूने आहे तेही त्याच ओळीत नोंदवा.