युद्धोत्तर काळाची वेशभूषा करताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडन-पॅरिसमध्ये घडणारं एखादं रूपांतरित नाटक बसवायचं ठरलं, की कपड्यांसाठी आधी नेटवर ‘फिफ्टीज फॅशन’ शोधलं जातं. समोर येतात घेरदार फ्रॉक, ठिपक्यांचं कापड, लाल लिपस्टिक. तेच शिंप्याकडे जातं आणि १९४६ची लंडनमधली टायपिस्ट दहा वर्षांनंतरच्या अमेरिकन जाहिरातीतून उतरल्यासारखी रंगमंचावर येते. म्हणून दिग्दर्शकाला दोन गोष्टी आधी विचारून घ्या: गोष्ट नेमकी कोणत्या वर्षी घडते, आणि या पात्राला कापड मिळतं तरी किती?

युद्ध संपलं म्हणजे टंचाई संपली, असं धरू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ला सुरू झालं आणि उठलं मार्च १९४९मध्ये. म्हणजे युद्ध थांबल्यावरही जवळजवळ चार वर्षं, खिशात पैसे असले तरी कूपनाशिवाय नवा कोट मिळत नव्हता. सरकारी नियमांत बसणाऱ्या ‘युटिलिटी’ कपड्यांवर ‘सीसी४१’ हा छाप असे आणि ती योजना तर १९५२पर्यंत चालू होती.

तेव्हा १९४६च्या सामान्य बाईला गुडघ्याच्या जेमतेम खाली येणारा, बेताच्या घेराचा स्कर्ट द्या. जाकिटाचे खांदे पॅड घालून चौकोनी करा. आणि कृपा करून सगळं कोरं करकरीत ठेवू नका. त्या काळात जुने कपडे उसवून, उलटवून पुन्हा शिवले जात. कोपरावर जोड, कॉलरच्या कडेला रफू, एखादं बटण वेगळं, एवढ्यानं प्रेक्षकाला त्या घरची परिस्थिती संवादाआधीच कळते.

‘न्यू लुक’ सगळ्यांना घालू नका

१२ फेब्रुवारी १९४७ला फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिऑरनं पॅरिसमध्ये आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं. उतरते खांदे, आवळलेली कंबर, भरलेले नितंब आणि पोटरीपर्यंत येणारा प्रचंड घेर. ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि नाव चिकटलं. दिऑरच्या पाठीशी पैसा होता मार्सेल बूसाक या कापडसम्राटाचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जितका घेर जास्त, तितका कापडाचा खप जास्त.

ब्रिटनमध्ये यावरून चिडचिड झाली. १९४२च्या ‘क्रिप्स मिशन’मुळे आपल्याला ठाऊक असलेले स्टॅफर्ड क्रिप्स तेव्हा तिथे मंत्री होते. लांब स्कर्टवर एवढं कापड घालवणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. त्यामुळे १९४७च्या लंडनमध्ये हा पोशाख श्रीमंत घरच्या किंवा नुकत्याच पॅरिसहून आलेल्या पात्रालाच शोभेल. शेजारीण फार तर जुन्याच स्कर्टला खाली वेगळ्या कापडाची पट्टी लावून लांबी वाढवेल. रंगमंचावर या दोघी समोरासमोर आल्या की निम्मं काम झालं!

शिवताना अडचण येते ती घेराची. स्कर्ट लुळा लटकतो, म्हणून शिंपी कमरेपासूनच कॅनकॅन (घेर फुलवणारी ताठ जाळी) लावतो आणि कंबरच जाड दिसायला लागते. त्यापेक्षा नितंबांपर्यंत अंगाबरोबर बसणारा साधा योक (स्कर्टचा वरचा सपाट भाग) घ्या, कॅनकॅन त्याच्या खाली जोडा आणि नितंबांवर आतून पातळ पॅड द्या. कंबर मग आपोआप बारीक दिसते. तयार ब्लेझर वापरणार असाल तर खांद्यांतले पॅड आठवणीनं काढा.

पुरुषांच्या पॅन्टचं आसन तपासा

पुरुषांचे कपडे ‘कुठलाही जुना सूट चालेल’ म्हणून उरकले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आजची पॅन्ट कमरेखाली बसते. तीवर गॅलिस आणि वेस्टकोट घातला, की नटानं हात वर करताच मधून शर्टाची पांढरी पट्टी डोकावते. त्या काळची पॅन्ट बेंबीपाशी बसायची: आसन खोल, पुढे प्लेट, मोहरी रुंद. टायही म्हणूनच आखूड आणि रुंद असायचा. आजचा टाय पट्ट्याच्या खाली लोंबतो, तेव्हा तो जरा वर बांधा आणि उरलेलं टोक शर्टात खोचा.

सैन्यातून सुटलेल्या ब्रिटिश जवानाला सरकार सूट, शर्ट, टाय, बूट, टोपी आणि रेनकोट देत असे. हा ‘डिमॉब सूट’ नवा असे, पण बऱ्याचदा मापात नसे. असं पात्र असेल तर शिंप्याला फिटिंग करू देऊ नका. बाही किंचित लांब, खांदा जरा उतरलेला राहू द्या.

मखमली कॉलरचा लांब कोट आणि नळीसारखी पॅन्ट घालणारे ‘टेडी बॉईज’ १९५०नंतरचे. १९४६मध्ये ते आणू नका.

बारीकसारीक, पण डोळ्यात भरणारं

स्टॉकिंगला मागे शिवण हवी आणि ती सरळ हवी. न मिळाल्यास पायावर पेन्सिलनं रेघ ओढा, युद्धकाळात बायका तेच करत. स्टिलेटो, म्हणजे उंच, सुईसारखी टाच १९५०च्या दशकातली आहे, १९४०च्या दशकासाठी टाच जाडच ठेवा. आणि झगझगीत प्लास्टिकची चेन पाठीवर नको. १९४०च्या दशकात फ्रॉकची चेन बहुतेकदा कुशीच्या बाजूच्या शिवणीत असे, धातूची.